हळदीच्या ड्रमातली गूंज

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ड्रम घासणं. सण नव्हता, पाहुणे नव्हते, नुसती रिकामी दुपार होती. विमल म्हणाली, "आवो, याला आतून गंज चढून राहिला. आपली करुणा आली की म्हणंल, दोघा म्हाताऱ्यांना मिळून एक डबडं सांभाळता येईना." विटेचा तुकडा आणि चिंध्या घेऊन ती आडव्या ड्रमात जवळजवळ आख्खी शिरली. टाचा आणि लुगड्याचा काठ तेवढा बाहेर. मी बाहेरून राखेनं घासत बसलो.

आतून तिनं विचारलं, "साखर संपत आली हाय. चहा गुळाचा करू का?"

एवढंच. पण ड्रमातून ते एवढं मोठं होऊन बाहेर आलं की लिंबाखालची शेळी उठून उभी राहिली.

मी म्हटलं, "भाषण काहून करून राहिली? कर गुळाचा."

ती आतल्या आत हसली. ती थांबली तरी लोखंड थोडा वेळ हसत होतं. मग ती बाहेर आली, कपाळाला तांबडा गंज लागलेला, आणि आमी गुळाचा चहा प्यालो.

दुसऱ्या दिवशी ती नव्हती. काय झालं, कोणत्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर काय बोलला, ते मी लिहिणार न्हाई. ज्याला ऐकायचंय त्यानं दुसऱ्या कोणाला विचारावं. मला तिच्या मरणाचं सांगायचं न्हाई. मला आवाजाचं सांगायचं आहे, कारण मला तेवढंच कळतं. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं सगळं कानानं शिकलो.

ड्रम हळदीचा आहे. आमच्या बाळापूरकडं शेतातून हळद निघाली की ती शिजवतात. सगळ्या शिवारावर वाफ चढते आणि गावात शिरायच्या आधी वास लागतो, ओल्या मातीचा, कडू, आणि मागून जरासा गोड. त्या शिजवणीतला एक जुना ड्रम एका शेतकऱ्यानं बांधावर टाकून दिला होता. बूड फुटलेलं, वाफ धरत नव्हता. मी त्याच्यावर काठी मारून बघितली आणि विमलला म्हटलं, "वाफ न्हाई धरत, आवाज धरतो." ती म्हणाली, "मंग उचला." बैलगाडीत घालून आमी तो घरी आणला. ती मागं बसून त्याला धरून होती, आणि रस्ताभर खड्डा आला की ड्रम बोलायचा आणि ती त्याला "व्हय व्हय" म्हणायची.

माझी रेकॉर्डिंगची खोली होती. वर पत्रा, भिंतींना वाकळा लटकवलेल्या, खाली पोती. शहरातल्या स्टुडिओत आवाजाला गूंज लावायच्या मशिनी असतात, हे मी ऐकून होतो. माझ्याकडं त्या कुठून यायच्या? मग मी गायकाचा आवाज वायरीनं ड्रमाच्या एका तोंडाशी ठेवलेल्या कर्ण्यात सोडायला लागलो. दुसऱ्या तोंडाशी माइक. ड्रमातून फिरून आलेला आवाज मूळ आवाजाच्या पाठीमागून लावायचा, झाली गूंज.

पण पहिल्या दिवशी ती टणाटणा वाजली. गायक म्हणाला, "भाऊ, मी गाऊन राहिलो का बादली पडून राहिली?" मी वायरी हलवत बसलो, कर्णा पुढं-मागं करत बसलो. विमल चुलीवरून उठून आली, हात पिठाचे, आणि तिनं एक रिकामं पोतं ड्रमात फेकलं. लोखंड शांत झालं. गायकानं परत म्हटलं तर आवाजाला मागं कोणीतरी मोठ्ठं आंगण बांधल्यावानी वाटलं.

तवापासून आमच्याकडं गूंज पोत्यानं मोजायची. एका पोत्याची गूंज, दोन पोत्यांची, बायकांच्या आवाजाला दीड, म्हणजे एक अर्धं दुमडून. किती ते तीच ठरवायची, आणि खोलीत बसून न्हाई. ती चुलीपाशी भाकरी थापायची. तिथून, थापेच्या आवाजातून, गाण्याचा शब्द न् शब्द कळला तर गूंज बराबर. न्हाई कळला तर तिथूनच ओरडायची, "शब्द गिळून राहिला तुमचा ड्रम! अजून एक टाका!" मी टाकायचो. माझ्या मशिनीवर सुई होती, आकडे होते. ते मी दुसऱ्यांना दाखवायला ठेवले होते.

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गाण्यांच्या टेपा आमच्याकडं फाल्गुनात सुरू व्हायच्या, म्हणजे ऐन हळदीच्या शिजवणीत. गायन पार्ट्या यायच्या, कोणाचा हार्मोनियम सायकलला बांधलेला, कोणाची ढोलकी पोत्यात. माइकात पंख्याची घरघर येते म्हणून पंखा बंद. पत्र्याखाली माणसं भिजून जायची. दार लावलं की आत घामाचा, नव्या कातड्याचा, विडीचा आणि हळदीचा असा एकच वास व्हायचा. आजही कुठं हळदीची वाफ लागली की माझा हात बटणाकडं जातो. रस्त्यावरून एसटी गेली की थांबायचं. शेळी ओरडली की थांबायचं. शेजारी पिठाची गिरणी होती. तिचा पट्टा थांबवायला विमलच जायची. गिरणीवाला म्हणायचा, "वैनी, गिऱ्हाईक खोळंबलं." ती म्हणायची, "चार मिनिटं. तुमचं पीठ बी गाण्यावर पडंल, भाकरी गोड लागंल." तो हसायचा आणि पट्टा उतरवायचा. त्या चार मिनिटांत गल्ली अशी गप्प व्हायची, की ढोलकीवाल्यानं बोटं मोकळी केली तर ऐकू यायचं.

एक लोखंडी पेटी होती, हैदराबादेतून वापरलेली आणलेली. तिला आमी दाबायची पेटी म्हणायचो. मोठा आवाज ती दाबते आणि बारीक आवाज वर उचलते. आत काचेच्या नळ्या, पेटल्यावर नारंगी. अर्ध्या तासात वरचं झाकण एवढं कोमट व्हायचं की थंडीत विमल तिच्यावर दुधाचं पातेलं विरजायला ठेवायची. एकदा एक मोठा गायक आला, गळ्यात मफलर. पेटीकडं बोट करून म्हणाला, "हे कोणतं यंत्र?" विमल म्हणाली, "दह्याचं." तो माणूस माझ्याकडं बघत राहिला. मी काय सांगू? दही खरंच चांगलं लागायचं.

त्या पेटीतून आवाज एकदा टेपवर गेला की गेला. जास्त दाबला तर जास्त दाबलेला, कमी तर कमी. उद्या सुधारू, असं न्हाई. म्हणून बटणावर हात ठेवताना माणूस श्वास धरून बसायचा. खोलीतली सगळी माणसं धरायची. एवढ्या माणसांनी एकदम श्वास धरलेली खोली मी परत कुठं बघितली न्हाई.

आता माझी चूक सांगतो.

कोरस म्हणणाऱ्या बायका तीन. धुरपदा, कौसाबाई आणि विमल. माइक एकच. एका माइकावर तीन आवाज सारखे करायचे तर एकच रीत आहे, ज्याचा आवाज मोठा त्यानं मागं उभं राहायचं. धुरपदाचा आवाज बारीक, ती माइकाशी. डोंगरकड्याची कौसाबाई तिच्या मागं. आणि विमल सगळ्यात मागं, दाराला पाठ लावून. तिचा आवाजच तसा होता. घरातून हाक मारली तर गिरणीत ऐकू जायची, पट्टा चालू असताना.

ती टोमणा मारायची, "नवऱ्याचा स्टुडिओ आन् बायको दारात."

मी म्हणायचो, "आवाज कमी कर आन् ये पुढं."

"आवाज कमी करून गाणं म्हणायचं तर मी सैपाक करते. तो बी कमी आवाजात होते."

बायका हसायच्या. मी बटण दाबायचो. रीत बराबर होती, टेप बराबर यायची. पण त्या रितीनं मी माझ्या बायकोला तीस वर्षं दारापाशी उभं केलं. बाकी साऱ्या जगाचा आवाज माझ्याकडं एकट्या-एकट्याचा आहे. तांड्यावरच्या नाईकाचा आहे, ढोलकीवाल्याच्या खोकल्याचा आहे. तिचा न्हाई. मी म्हणायचो, "एक दिवस तुझं एकलीचं घेऊ." ती म्हणायची, "घ्या की, मी कुठं चालली." मग कोणाची तरी पार्टी दारात यायची.

ती गेल्यावर हे मला चुलीपुढं बसल्या-बसल्या कळलं. फोटो आहे, लुगडी आहेत, चष्मा आहे. आवाज न्हाई. मला तिचा आवाज पाहिजे होता. एकदा, फक्त तिचा, माइकाशी उभी राहिल्यासारखा. एवढी एकच गोष्ट पाहिजे होती, आणि ती माझ्या कोणत्याच टेपवर नव्हती.

दोन महिन्यांनी करुणा आली. आमची एकुलती लेक, पुण्याला स्टुडिओत गाणी मिक्स करते. ती माझ्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली आणि मला म्हणाली, "बा, इकडं बघ." लॅपटॉपवर माझ्या दाबायच्या पेटीसारख्या पेटीचं चित्र होतं. बटणं, सुई, सगळं. कोपऱ्यात गंजलेला स्क्रूसुद्धा.

मी म्हटलं, "स्क्रू काहून काढला? चित्र काय निखळून पडून राहिलं?"

"बा, हे चित्र न्हाई, हे चालतं. याला प्लगइन म्हणतात."

"दही लागते का?"

ती म्हणाली, "गप बस आणि भिंतीकडं तोंड कर." मग तिनं तेच गाणं दोनदा वाजवलं, एकदा माझ्या पेटीतून, एकदा चित्रातून. "खरी कोणती?" तीनदा विचारलं. दोनदा चुकलो. मला राग यायला पाहिजे होता, पण आला न्हाई. कोण्या लेकराच्या बोटांनी हे केलं असेल, असं वाटलं. हाताखाली तेवढी एक पेटी असावी म्हणून मी अर्धं आयुष्य घासलं, आणि पोरगी तशा वीस पेट्या एका मांडीवर घेऊन बसली होती. आणि दाबलेलं परत सोडता येतं. एक बटण दाबलं की झालेलं झालंच न्हाई. ते बटण मी तिला चार वेळा दाबायला लावलं, नुसतं बघायला.

मग तिनं ड्रमात फुगा फोडला. धाडकन आवाज झाला, आणि लॅपटॉपनं त्या एका आवाजावरून आख्खा ड्रम शिकून घेतला. आता कोणताही आवाज त्या चित्रातल्या ड्रमातून काढता येत होता. मी ऐकलं. तोच ड्रम. तीच बुडाकडची थरथर, जिथं बूड फुटलं होतं तिथली. तो ड्रम समजून घ्यायला आमाला चार उन्हाळे लागले होते. मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

आणि मग सरळच बोललो. "करुणा, तुझ्या मायचा एकलीचा आवाज काढून दे."

ती म्हणाली, "निघतो कधी-कधी. गर्दीतून माणूस वेगळा काढायचं प्लगइन असतं. पण पूर्ण न्हाई निघत बा. फाटका निघतो."

"फाटका चालंल."

कोरसची सगळ्यात बरी टेप काढली. ती एवढी जुनी की तिच्यावरचा तपकिरी थर बोटाला लागत होता. वाजवली की तो झडणार, म्हणजे ती एकदाच वाजणार. मी मशिनीचं डोकं, टेप जिथून घासत जाते ते, स्पिरिटनं पुसलं, एकदा, दोनदा, पाच वेळा. करुणा म्हणाली, "बा, पुरे." शेजारची गिरणी आता विजेच्या मोटरीची आहे आणि मालक त्याचा पोरगा. तरी मी जाऊन सांगितलं, चार मिनिटं. त्यानं का म्हणून विचारलं न्हाई, बंद केली.

टेप फिरली. माझाच जुना आवाज आला, "चालू." मग ढोलकी, मग हार्मोनियम, मग गायक, मग बायका:

हातामधी पाटी दिली, डोळ्यामधी वाट,
आमच्या गं आंगणात उजाडली पहाट.

गाणं संपलं तेव्हा मशिनीखाली तपकिरी भुगा साचला होता. मी तो पुसला न्हाई.

करुणानं एकेक माणूस काढायला सुरुवात केली. ढोलकी गेली. हार्मोनियम गेला. गायक गेला. मग धुरपदा गेली, जी तशी खरोखरच तीन वर्षांमागं गेलेली आहे. कौसाबाई जायला तयार होईना. तिचा श्वास आणि विमलचा श्वास एकाच वेळी पडलेला, लॅपटॉपला कळेना कोणाचा कोणता. दुपार उलटली. शेवटी कौसाबाई निघाली आणि विमल एकटी राहिली.

आवाज तिचाच होता. पण विहिरीच्या तळातून आल्यासारखा, मध्ये-मध्ये भोकं पडलेला, कसर लागलेल्या लुगड्यावानी. मी म्हटलं, "हे माझ्या पेटीतून काढ. बारीक आवाज वर येते." करुणानं वायरी जोडल्या. नळ्या पेटल्या. आणि विमल हळूहळू पुढं यायला लागली. दारापासून एक पाऊल, मग दुसरं.

तेव्हा ते ऐकू आलं. ओळ संपली की दुसरी सुरू व्हायच्या मधल्या श्वासात काहीतरी पुटपुट. करुणा म्हणाली, "हा कचरा आहे, पुसते." मी म्हटलं, "हात लावू नको." तिनं ते उचललं, अजून उचललं.

"डोळ्यामधी वाट."

आणि मग गाण्यात तेच शब्द आले. परत मधला श्वास, परत पुटपुट, "आमच्या गं आंगणात," आणि मग गाण्यात ते.

विमल मागून दोघींना पुढची ओळ सांगत होती.

धुरपदाला वाचता येत नव्हतं, कौसाबाईला न्हाई, विमललाही न्हाई. गायक कागद घेऊन यायचे, बायका एकदा-दोनदा ऐकून म्हणायच्या. कोरस कधी चुकला न्हाई म्हणून माझ्या स्टुडिओचं नाव होतं. मी लोकांना सांगायचो, आमच्या बायकांचं पाठांतर म्हणजे दगडावरची रेघ. पाठांतर एकीचं होतं. ती मागं होती म्हणून तिला ते सांगता यायचं, आणि माइकात यायचं न्हाई. मी चार हातांवर बसलेलो असायचो, कानाला हेडफोन लावून, साऱ्या गावात कानाचा पक्का म्हणून.

करुणा रडून राहिली होती. मी म्हटलं, "रडू नको, वायरीवर पाणी पडंल."

मग वाटलं, आवाज कोरडा आहे, ड्रमातून काढू. करुणानं विचारलं, "चित्रातल्या का खऱ्या?" मी म्हटलं, खऱ्या. कर्णा लावला, माइक लावला. आवाज सोडला. टणाटणा. मी एक पोतं टाकलं. दुसरं टाकलं, आवाज मेला. एक काढलं, अर्धं दुमडलं. करुणा म्हणाली, "बा, आता बराबर आहे ना?" मी पोतं हातात धरून उभा राहिलो. मला कळत नव्हतं. खरंच कळत नव्हतं. करुणानं चित्रातला ड्रम लावून बघितला, त्यात बोटानं पाहिजे तेवढी पोती टाकता येतात, पाव पोतंसुद्धा. तिथंही कळेना. ड्रम दोन्ही चांगले. बाहेरचा चांगला, लॅपटॉपातला त्याहून सोयीचा. चुलीवरून ओरडणारं कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "काढ वायर. कोरडाच राहू दे."

करुणानं तो आवाज, पुटपुटीसकट, माझ्या फोनमध्ये घातला.

सकाळी मी पहिल्या एसटीनं डोंगरकड्याला गेलो. हे खरंच असं होतं का, ते सांगणारी कौसाबाई एकटीच उरली होती.

ती आंगणात बाजेवर बसली होती, उन्हाकडं पाठ करून. सून म्हणाली, "आत्याला आता काही आठवत न्हाई, दादा. मला बी कधी-कधी विचारते, तू कोणाची गं." मी कौसाबाईपुढं बसलो. म्हटलं, "कौसाबाई, मी बाळापूरचा, विमलचा मालक." तिनं माझ्याकडं बघितलं, जसं कोणी एसटीच्या खिडकीतून बघतं. मी विचारायचं ते विचारलंच न्हाई. तिच्या कानाला माझा हेडफोन लावला आणि बटण दाबलं.

तिचा चेहरा तसाच होता. बोटं लुगड्यावर होती. मग ओठ हलले, आणि कौसाबाई गायला लागली. कानात हेडफोन असलेलं माणूस मोठ्यानं बोलतं, तसं मोठ्यानं, साऱ्या आंगणाला ऐकू जाईल असं. "हातामधी पाटी दिली..." सून पिठाच्या हातानं दारात आली. कोंबड्या बाजूला झाल्या.

ओळ संपली. कौसाबाई थांबली. तिला पुढचं येत नव्हतं. पण ती घाबरली न्हाई. तिनं मान जराशी मागं वळवली, खांद्याकडं, आणि कान दिला.

मग ती म्हणाली, "डोळ्यामधी वाट."

मी फोनचा आवाज थोडा वाढवला.